आयुक्त महोदय, नाट्यगृह आहे. तालमीला जागा हवी

प्रति,
मा. आयुक्त,
ठाणे महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

ठाण्यातल्या नाटकाचा विषय निघाला की बोलणं गडकरी रंगायतनपाशी सुरू होतं आणि बहुतेक वेळा तिथेच संपतं. खुर्च्या, एसी, स्वच्छतागृहं, पार्किंग. तलावपाळीवरची १९७८ची ती वास्तू आमचीही लाडकी आहे. पण नाटक तिथे एक संध्याकाळ असतं. त्याआधीचे दोन-तीन महिने ते कुठे राहतं, हे सांगायला पत्र लिहितोय.

आमची संस्था लहान आहे, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली. किसननगर, लोकमान्यनगर, वागळे इस्टेट या भागांतली मुलं येतात. फी नाही. देणगीदार मोजके, आणि देणगीचा मोठा भाग हॉलच्या भाड्यात जातो. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीत कला-संस्कृतीला जागा आहे खरी, पण बॅनर लावता येतो अशा प्रयोगालाच पैसे मिळतात. मंगळवारच्या तालमीला कोण बॅनर लावणार?

‘यातून नट किती झाले?’ हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. फारसे कोणी नाही. होतं ते वेगळंच. पहिले आठ दिवस नुसतं वाचन चालतं, सगळे गोल बसून. आठवीतला मुलगा जोडाक्षराला अडतो, वर्गात असता तर मान खाली घालून बसला असता. इथे त्याच्या वाक्यावर पुढच्याची एंट्री असते, म्हणून बाकीचे थांबतात, हळूच सांगतात, आणि चौथ्या वाचनाला तो अडखळत का होईना, पार करतो. त्याला कोणी ‘शिकवलं’ असं वाटत नाही, हे त्यातलं खरं कसब.

मुलींचं गणित निराळं. तालीम नऊला संपते म्हटल्यावर घरून नकार येतो. मग आई सोबत येते, कोपऱ्यात बसते. दोन आठवड्यांनी कपडेपट तिच्याकडे जातो, आणि पुढच्या वर्षी ‘आमचंही एक बसवा’ असं आयाच म्हणतात. ज्याला बोलायचंच नाही तो लाइट्सकडे वळतो, डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करायचं यंत्र) चालवायला शिकतो आणि मग लग्न-कार्यक्रमांची कामं घेऊ लागतो. मुलांनी एकदा पाण्याच्या वेळांवर नाटिका लिहिली, हंड्यांच्या रांगेसकट. वस्तीतले सगळे हसले, पाहुणे म्हणून आलेले लोकप्रतिनिधीही. (त्यांना नेमकं कशाचं हसू आलं, ते आम्ही विचारलं नाही.)

ठाण्याला हे नवं नाही. नाटककार रत्नाकर मतकरींनी इथेच समता विचार प्रसारक संस्थेच्या साथीने वंचितांचा रंगमंच उभा केला. मुलांनी आपल्याच जगण्यातले विषय घ्यायचे, आपणच लिहायचं, आपणच करायचं. मतकरी २०२० साली गेले; त्या विचाराला मात्र शहराने जागा द्यायला हवी, अगदी चौरस फुटांतली जागा. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेसाठी कामगार पाळी सुटल्यावर तालमी करत, तो काळ आठवणारे लोक इथे अजून आहेत. कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. तिथे गेटवर पाहुण्यांचा पास लागतो.

आता मागणी. महापालिकेच्या शाळांचे हॉल संध्याकाळी रिकामे असतात. आठवड्यातून तीन दिवस, सात ते साडेनऊ, नोंदणीकृत नाट्यसंस्थांना ते नाममात्र दराने द्यावेत. अनुदान नको, सत्कार तर मुळीच नको. धोरण मात्र लेखी हवं. तोंडी परवानगी मुख्याध्यापकांच्या बदलीबरोबर जाते, आणि अर्धं बसलेलं नाटक घेऊन आम्ही पुन्हा सोसायटीच्या हॉलचं दार ठोठावतो. तिथे ढोलकी वाजवायची नसते, वरच्या मजल्यावर कोणाची तरी परीक्षा असते.

वॉचमनच्या जादा तासांचे पैसे, विजेचं बिल आणि अनामत रक्कम आम्ही भरू. बाकं होती तशी लावून जाऊ. ज्या शाळेत तालीम होईल तिथल्या विद्यार्थ्यांना पहिली संधी आणि शाळेसाठी वर्षाला एक मोफत प्रयोग, ही अट तुम्ही घालण्याआधी आम्हीच लिहून देतो. एकाच संस्थेची मक्तेदारी होऊ नये म्हणून वर्षाच्या सुरुवातीला अर्ज मागवून, सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून दिवस वाटावेत. आमची चिठ्ठी निघाली नाही तरी चालेल.

सगळ्या शाळा एकदम उघडायची गरज नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर वागळे भागातल्या एका शाळेपासून सुरुवात करता येईल. त्यासाठी शिक्षण विभागाचं त्या शाळेच्या नावे एक पत्र लागेल, तेवढं द्यावं.

आपला,
ठाण्यातल्या एका नाट्यसंस्थेचा कार्यकर्ता