आबा, तळ्याला आधी कुंपण

बांबोळी, गोवा
जुलै

तीर्थरूप आई-आबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा रेंज गेली आणि आईचं बोलणं अर्ध्यातच राहिलं. पण जेवढं ऐकू आलं त्यावरून कळलं, की मी पोहायला शिकतोय ही बातमी घरी पोचलेली आहे. तुझ्या सूनबाईच्या पोटात काही राहत नाही. नाथबाबाला नारळ बोललीस म्हणे. फोड बापडे, पण देवाला काय घालायचं ते साकडं नीट माहिती घेऊन घालावं, म्हणून हे पत्र. फोनवर तू "नको रे बाबा" याच्यापलीकडे जात नाहीस, आणि आबा फोन तुझ्या हातात देऊन गोठ्याकडे चालू लागतात.

तर झालंय असं. आमच्या लष्करातल्या चाचण्या तुम्हाला ऐकून ऐकून पाठ आहेत. पाठीवर बोजा, हातात रायफल, ५ किलोमीटर पळायचं, दोरावर चढायचं, ९ फुटांचा खड्डा ओलांडायचा. ते सगळं आहेच. २०२४ च्या सुरुवातीला नवं धोरण आलं आणि त्यात भर पडली: दर सहा महिन्यांनी १० किलोमीटरचा स्पीड मार्च, ३२ किलोमीटरचा रूट मार्च, आणि वर्षातून एकदा ५० मीटर पोहणं. मार्चचं काही वाटलं नाही. आपल्या माळावर शाळेला जाऊन-येऊन पाय तयार झालेले आहेत. पोहण्याचं वाचलं आणि मी शेजारच्याकडे बघितलं. तो अलप्पुझाचा. म्हणाला, ५० मीटर म्हणजे काहीच नाही. त्याच्या घरामागेच कालवा आहे, त्याला काय कळणार!

आई म्हणते आपल्या घराण्यात कुणी पाण्यात उतरलं नाही. बरोबर आहे. उतरायला पाणी कुठे होतं? विहीर आबांच्या वडिलांनी पुरुषाच्या पुरुष खोल खणली आणि चैतात तळाशी घागर बुडायची मारामार. १९७२ ला आबांनी दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली. मी भरती झालो त्याच्या पुढच्या दुष्काळात आपली गुरं म्हसवडच्या चारा छावणीत होती. बुडायची भीती वाटायलासुद्धा आधी पाणी लागतं. आपल्याकडे वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही मनात आलं तर. इथे तीन हजारांच्या घरात पडतो. जूनच्या २४ तारखेला इथे सांजांवचा सण असतो. ख्रिस्ती पोरं डोक्यावर फुलापानांचे मुकुट घालून, गात-वाजवत गावभर फिरतात आणि धडाधड विहिरींत उड्या मारतात. विहीर काठोकाठ भरलेली. मी शिवोलीला मित्राबरोबर बघायला गेलो होतो. आबा, तुम्ही असता तर पहिला प्रश्न विचारला असता, की या पाण्यावर बागायत किती होते.

आता शिकणं. इथल्या एका जलतरण तलावावर पहाटेच्या बॅचला जातो. शिकवणारे पेडण्याकडचे, घरी मराठी बोलणारे, बॅचमध्ये कोकणी. मोठ्या माणसांची वेगळी बॅच पावसाळ्यात भरत नाही, म्हणून मी पहिली-दुसरीच्या पोरांत. हवालदार माणूस, मिशा ठेवलेला, डोक्याला रबरी टोपी आणि डोळ्याला गॉगल. रोज रिक्रुटांवर ओरडणारा मी, तिथे एक दात पडलेली पोरगी मला सांगते, "काका, तोंडाने घ्यायचा आणि पाण्यात नाकाने सोडायचा." तिच्याकडूनच शिकलो, खरं सांगतो. गुरुजींनी तेच सांगितलं होतं, पण ती माझा हात धरून, डोकं पाण्यात घालून, बुडबुडे काढून दाखवायची आणि वर येऊन "जमलं?" विचारायची.

सगळ्यात हसू झालं ते पायांचं. आधी फळीला धरून नुसते पाय मारायला लावतात. मी फळी नांगर धरल्यासारखी घट्ट धरली आणि जोर लावून पाय हाणायला लागलो. पाणी उडतंय, दम लागलाय, आणि मी मागे सरकतोय. अक्षरशः मागे. पोरं खिदळायला लागली. गुरुजी म्हणाले, पळणाऱ्या माणसांचं हे नेहमीचं. आयुष्यभर पळून, बूट घालून घोटे ताठ झालेले असतात, पंजा मागे वळत नाही, म्हणून पाणी मागे ढकललं जाण्याऐवजी उलटंच जातं. घरी पलंगावर बसून घोटे वळवायचा व्यायाम दिलाय. तुझी सून म्हणते आता नाचायला पण शीक.

आई, तुला जे ऐकायचंय ते इथे लिहितो. छातीत हवा असली की माणूस आपोआप तरंगतो. घाबरून डोकं वर काढायला गेला की पाय खाली जातात आणि मग सगळं अंगच खाली जातं. म्हणून पहिल्यांदा शिकवतात ते उताणं पडून राहणं. कान पाण्यात, तोंड आभाळाकडे, पोट वर. "भिवपाची गरज ना," गुरुजी मानेखाली हात ठेवून म्हणायचे, आणि मग कधीतरी हात काढून घ्यायचे, न सांगता. ते आता मला येतं. दमलो की उताणा होतो आणि पडून राहतो. बाजूला गुरुजी असतात, काठावर जीवरक्षक असतो. समुद्राचं मनात आणू नकोस. पावसाळ्यात इथल्या किनाऱ्यांवर लाल बावटे लागलेले असतात, पोहणारे पट्टीचे लोकसुद्धा उतरत नाहीत, आणि मी तर मिरामारला जातो तो भजी खायला.

एका दमात ५० मीटर अजून होत नाहीत. पाऊण अंतर झालं की श्वासाचा ताल चुकतो आणि हात जड होतात. कांपालचा मोठा तलाव, जिथे २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतल्या पोहण्याच्या शर्यती झाल्या, तो या टोकापासून त्या टोकापर्यंत तेवढाच लांब आहे. काठावर उभं राहून बघितलं तर आपल्या घरापासून मारुतीच्या देवळापर्यंतही भरत नाही. पाण्यात तेवढंच अंतर भलतंच लांब होतं. होईल. त्याची काळजी मला नाही.

मला काळजी आहे ती तुमच्या शेततळ्याची. आबा, हे नीट वाचा, चष्मा लावून.

तळं झालं, प्लॅस्टिकचा कागद अंथरला, यंदा पहिल्यांदा भरलं, तुम्ही धाकट्याकरवी फोटो पाठवलात. तो बघून मलाही भरून आलं. पण फोटोत काठाला दोर दिसला नाही, कुंपण दिसलं नाही, आणि धाकट्याची पोरं अगदी कडेला उभी दिसली. विहिरीला निदान पायऱ्या असतात, कपारी असतात, बोटं रोवायला दगड असतो. तळ्याचा प्लॅस्टिकचा उतार ओला झाला की त्यावर हातही टिकत नाही आणि पायही. महिन्याभरात शेवाळ धरतं. पोहणारा माणूससुद्धा त्यातून स्वतःच्या जोरावर वर येत नाही, घसरून परत आत जातो. दर उन्हाळ्यात तळ्यात पोरं गेल्याच्या बातम्या वाचतो आपण, त्यातल्या कितीतरी अशाच. आई म्हणाली होती, मी ओट्यावरच असते, ओरडली तर ऐकू येईल. आई, बुडणारं पोर ओरडत नाही. त्याचं तोंड श्वास घेण्याएवढंसुद्धा पाण्याच्या वर राहत नाही, हाक कुठून मारणार? हात आपटतात, तेही थोडा वेळ. ओट्यावर काही ऐकू येणार नाही.

तेव्हा चारी बाजूंना लोखंडी अँगल ठोकून नायलॉनचे जाड दोर आत सोडा, पाण्याच्या तळापर्यंत पोचतील इतके लांब, हातभर अंतरावर गाठी मारून. मोटेचा जुना नाडा माळ्यावर पडलाय तो वापरू नका, कुजलेला आहे. ट्रॅक्टरची एक ट्यूब हवा भरून, दोर बांधून काठावर कायमची ठेवायची. ती पोरांनी खेळायला न्यायची नाही. मग जाळीचं कुंपण, आणि फाटक. पैसे आजच पाठवले, धाकट्याच्या खात्यावर. ठिबकच्या नळ्यांत घालू नका, त्याचं वेगळं बघू.

आणि कुणी पडलंच, तर मागोमाग उडी मारायची नाही. आबा, हे तुम्हालाच सांगतोय, कारण तुम्ही मारणार. एकाला काढायला गेलेला दुसराही जातो, हे फार वेळा होतं. ट्यूब फेकायची, दोर फेकायचा, लुगडं फेकायचं, बांबू पुढे करायचा, स्वतः काठावर आडवं पडून. बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, पोट दाबून पाणी काढणं, कुंभाराच्या चाकावर घालून फिरवणं, हे सगळं बंद. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्यायचा, छाती दाबायची, आणि एकाने तेवढ्यात १०८ ला फोन लावायचा. ते कसं करायचं ते आम्हाला शिकवलेलं आहे. दिवाळीत रजा मिळतेय, तेव्हा धाकट्याला, वहिनीला आणि गल्लीतल्या चार पोरांना उशीवर करून दाखवीन. पोरांना पोहायलाही शिकवायचंय, पण त्या तळ्यात नाही. गोव्याला या सगळे नाताळच्या सुट्टीत. पाऊस नसतो, आईच्या गुडघ्यांना इथली हवा मानवेल, आणि पोरं पायाला जमीन लागेल अशा पाण्यात शिकतील.

फाटकाला कुलूप लावा. किल्ली आईच्या कनवटीला. आबांकडे द्यायची नाही, ते नातवंडांना कशालाच नाही म्हणत नाहीत.

तुमचा
थोरला