छोट्या टाकीत कोणता बेडूक?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छोट्या जागेत पाळता येतील अशा प्राण्यांवरच्या आपल्या लेखात ‘लहान टाकीत बेडूकही सहज राहतो’ असे एक वाक्य होते. ते वाचून काळजी वाटली. कोणता बेडूक, हे त्यात कुठेच नव्हते आणि सगळे काही त्यावरच अवलंबून असते.

20-25 लिटरची टाकी आणि बेडूक पहिल्यांदाच पाळणारे घर असेल, तर माझ्या मते एकच नाव सुचवावे: आफ्रिकन ड्वार्फ फ्रॉग. पूर्ण वाढल्यावरही तो जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा राहतो. सगळे आयुष्य पाण्यातच काढतो, त्यामुळे टाकीत जमीन करून द्यावी लागत नाही. जिवंत किडे पकडून आणायची गरज नसते. गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव) तो आवडीने खातो. दोन-तीन एकत्र ठेवले तर ते जास्त मोकळेपणी वावरतात. नर रात्री पाण्याखाली बारीक गुणगुणतो, तो आवाज ऐकण्यासारखा असतो.

खरी अडचण आहे ती ओळखीची. याच्याच शेजारी, बऱ्याचदा याच्याच नावाने, आफ्रिकन क्लॉड फ्रॉगची पिल्ले विकली जातात. पिल्लूपणी दोघे सारखेच दिसतात. पण क्लॉड फ्रॉगची मादी दहा-बारा सेंटिमीटरची होते, टाकीतले मासे गिळते आणि पंधरा वर्षांहून अधिक जगू शकते. ओळखायचे कसे? पुढचे पाय पाहा. ड्वार्फच्या चारही पायांच्या बोटांमध्ये पडदा असतो. क्लॉडच्या पुढच्या पायांची बोटे सुटी असतात. ड्वार्फचे डोळे डोक्याच्या बाजूला, तर क्लॉडचे डोक्यावर, वर पाहणारे. पांढरा-गुलाबी बेडूक ‘ड्वार्फ’ म्हणून दाखवला, तर तो बहुधा क्लॉडच असतो. पैसे देण्याआधी एवढे तपासले, तर पुढचा बराच मनस्ताप वाचेल.

सोपा असला तरी ड्वार्फ शोभेच्या काचेच्या वाडग्यात ठेवायचा जीव नव्हे. त्याला फुप्फुसे असतात, श्वासासाठी पुन्हा पुन्हा वर यावे लागते. म्हणून टाकी फार खोल नको आणि फिल्टरचा झोत मंद हवा. झाकण हवेच, कारण तो उडी मारून बाहेर पडतो आणि थोड्याच वेळात सुकून मरतो. पाणी 24-25 अंश सेल्सिअसच्या आसपास राहावे. नळाचे पाणी क्लोरीन काढल्याशिवाय घालू नये. बेडकाच्या त्वचेतून पाण्यातले बरेच काही थेट शरीरात जाते. टाकी आधी काही आठवडे चालवून, पाण्यातला अमोनिया शून्यावर आल्याची चाचणी करूनच बेडूक आणावेत. तळाशी बारीक वाळू चालते किंवा तोंडात न मावणारे गोटे. मधल्या आकाराचे खडे तो अन्नाबरोबर गिळतो.

बरेच ड्वार्फ उपासमारीने मरतात, याचे मला फार वाईट वाटते. त्याची नजर अधू असते आणि तो वासावर अन्न शोधतो, त्यामुळे चपळ माशांबरोबर ठेवला तर त्याच्या वाट्याला काही उरत नाही. चिमट्याने किंवा ड्रॉपरने अन्न त्याच्या तोंडासमोर धरावे आणि तो खातो आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहावे.

फायर-बेलीड टोडही अनेक जण सुचवतात. तो चिवट आहे खरा, पण त्याला अर्धे पाणी, अर्धी जमीन आणि मोठी जागा लागते. शिवाय त्याच्या त्वचेतून विषारी स्राव येतो.

लहान मुलांच्या घरांसाठी आणखी एक. 2008 ते 2011 या काळात अमेरिकेत साल्मोनेलाची (जुलाब-ताप आणणाऱ्या जिवाणूची) जी साथ पसरली, तिचा संबंध ड्वार्फ फ्रॉगशीच जोडला गेला होता आणि आजारी पडलेल्यांत लहान मुले बरीच होती. टाकीला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, टाकीचे पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतू नये आणि पाच वर्षांखालील मुले असतील तर बेडूक आणूच नये.

आणि नकोसा झाला म्हणून तो तळ्यात सोडू नये. अशाच सोडलेल्या व निसटलेल्या क्लॉड फ्रॉगनी चिली आणि फ्रान्समध्ये पाण्यात ठाण मांडले आहे, आणि स्थानिक बेडकांचा जीव घेणारी कायट्रिड बुरशीही त्यांच्या अंगावरून पसरू शकते. न सांभाळता आल्यास दुसऱ्या पाळणाऱ्याकडे द्यावा.

आपल्याला एकच विनंती: यापुढे असा प्राणी सुचवताना त्याच्या छायाचित्राखाली पूर्ण वाढीचा आकार आणि आयुष्याची वर्षे जरूर छापावीत.

आपला,
एक नियमित वाचक