फोटो यायच्या आधी रुमाल टाका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय, कापायचं असेल तर खुशाल कापा, फक्त बेदाण्याचा मुद्दा तेवढा ठेवा.

गेल्या रविवारच्या पुरवणीत वेबपेजवर फोटो लोड होताना ॲनिमेशन कसं द्यायचं यावर लेख होता. मी सांगलीत गेली १५ वर्षं वेबसाइट बनवायचंच काम करतो, त्यामुळे मराठी पेपरात सीएसएस, की-फ्रेम असले शब्द बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण लेखात सगळा भर गोल फिरणाऱ्या चकतीवर. चकतीचा रंग कसा बदलायचा, वेग कसा वाढवायचा, मधे कंपनीचा लोगो कसा बसवायचा. आणि तो फोटो मुळात उशिरा का येतो आणि आल्यावर बाकीच्या पानाचं काय होतं यावर एक ओळ नाही.

आता बेदाणा. आमचे वडील ७४ वर्षांचे, तासगाव तालुक्यात गावी असतात. छापील पेपर एसटीनं यायला साडेआठ वाजतात, तेवढा धीर निघत नाही म्हणून पहाटे मोबाइलवर तुमची वेबसाइट उघडतात आणि पहिल्यांदा बघतात बेदाण्याचा सौदा काय झाला ते. तर बातमी सापडते, ते बोट ठेवायला जातात, आणि नेमकं तेव्हाच वरच्या बातमीतला कुठल्यातरी सभेचा फोटो धप्पकन येऊन बसतो, सगळा मजकूर वीतभर खाली सरकतो आणि बोट पडतं ते रमीच्या जाहिरातीवर. आठवड्यातून तीनदा तरी होतं हे. आईला तर खरंच वाटायला लागलंय की म्हातारा या वयात पत्त्याच्या नादी लागला.

म्हणजे झालं काय तर तुमच्या पानात त्या फोटोसाठी जागाच धरलेली नव्हती. आपण एसटीत खिडकीतून रुमाल टाकतो ना, तसा रुमाल टाकायची सोय वेबपेजमध्ये फार पूर्वीपासून आहे, इमेजच्या टॅगमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमध्ये फोटो मागवायची जी ओळ असते तिच्यात, रुंदी आणि उंची दोन आकडे लिहायचे, बास. मधली काही वर्षं मोबाइलसाठी फोटो लहान-मोठा होणारा ठेवला की ब्राउझर फोटो येईपर्यंत त्या आकड्यांवरून उंची धरायचा नाही, मग आम्ही लोक १६:९ च्या फोटोसाठी रुंदीच्या ५६.२५ टक्के पॅडिंग, म्हणजे रिकामी जागा, द्यायची वगैरे जुगाड करायचो. २०१९ च्या शेवटी क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही ते आकडे बघून प्रमाण आधीच काढायला सुरुवात केली आणि तो जुगाड संपला. तरी आजही लोक आकडे लिहीत नाहीत. गुगलनं २०२० मध्ये पान किती उड्या मारतं याचं मोजमापच जाहीर केलं, सीएलएस म्हणतात त्याला, ०.१ च्या आत असेल तर ठीक. तुमचं पान एकदा तपासून बघा, फुकट आहे.

हे आधी सांगितलं कारण ॲनिमेशन हे त्या राखलेल्या जागेत करायचं असतं. जागाच नाही तर ॲनिमेशन कशात करणार, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

चकतीबद्दल माझा राग जुना आहे. गिऱ्हाईक येतं, मंगल कार्यालयवाले, सराफ, हळदीचे व्यापारी, आणि सगळ्यांची एकच मागणी, साइट उघडली की आधी काहीतरी फिरलं पाहिजे. मी विचारतो कशासाठी, तर म्हणे भारी वाटतं. एका कार्यालयवाल्यांनी तर फिरणारा नारळ मागितला होता आणि मी तो करून दिला सुद्धा, पोटापाण्याचा प्रश्न आहे. पण त्या चकतीची गोम अशी की ती पूर्ण पानावर पडदा टाकते. पत्ता, फोन नंबर, भाडं हे सगळं अर्ध्या सेकंदात आलेलं असतं पण चाळीस फोटो येईपर्यंत पडदा उचलत नाही. मजकूर तयार असताना माणसाला ताटकळत ठेवायचं आणि त्याला इफेक्ट म्हणायचं. जेकब निल्सन म्हणून वापरसोयीतले मोठे जाणकार आहेत, त्यांनी १९९३ मध्येच लिहून ठेवलंय की ०.१ सेकंदात झालं तर माणसाला लगेच झाल्यासारखं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचाराची तंद्री मोडत नाही आणि १० सेकंदांनंतर लक्ष उडतं. चकती पहिल्या सेकंदात दाखवली तर उगीच डोळ्यात खुपते, आणि दहा सेकंद दाखवायची वेळ आली तर ती कितीही देखणी असो, गिऱ्हाईक गेलेलं असतं.

मग करायचं काय? मला विचाराल तर सगळ्यात चांगला लोडिंग इफेक्ट मी सायबर कॅफेत बघितला, २००२ च्या आसपास. आत्याच्या मुलीसाठी स्थळ आलं होतं, मुलगा पुण्याला, फोटो ईमेलनं पाठवलेला. आम्ही पाच जण एका कॉम्प्युटरभोवती, तासाला ३० रुपये. ५६ केबीपीएसचा मोडेम, म्हणजे अगदी चांगला चालला तरी सेकंदाला ७ किलोबाइट, आणि फोटो असेल तीनशे किलोबाइटचा. पाऊण मिनिट नुसता वरून खाली उतरत होता. आधी केस. मग कपाळ. आत्या म्हणाली कपाळ मोठं आहे, हुशार दिसतोय. मग चष्मा आला, मग थोडा वेळ काहीच आलं नाही, आणि मिशीपाशी लाइन गेली. ते लग्न झालं पुढं, मिशी नव्हती.

तो फोटो जेपेग या नेहमीच्या फाइल-प्रकारातला, त्यातही साधा होता, बेसलाइन म्हणतात. जेपेगमध्येच दुसरा प्रकार आहे प्रोग्रेसिव्ह, म्हणजे आधी सगळा चेहरा अंधुक येतो आणि मग थरावर थर चढत स्पष्ट होत जातो. ही सोय १९९२ च्या मूळ स्टँडर्डमध्येच आहे, फोटो सेव्ह करताना एक टिक करायची, ना स्क्रिप्ट (पानात चालणारा छोटा प्रोग्रॅम) ना काही. आत्याला पहिल्या पाच-सात सेकंदांत मिशीचा निकाल लागला असता.

आज जो ब्लर-अप इफेक्ट म्हणून मिरवतात, आधी धूसर आणि मग साफ, तो हीच कल्पना हातानं करायचा प्रकार आहे. मूळ फोटोचा २०-३० पिक्सेल रुंदीचा चिमुकला नमुना काढायचा, तो पानाच्या कोडमध्येच चिकटवून टाकायचा म्हणजे वेगळा मागवायला नको, आणि तो ताणून राखलेल्या जागेत पसरायचा, ताणला की आपोआप धुरकट दिसतो. फेसबुकच्या इंजिनीअर लोकांनी २०१५ मध्ये यात कमाल केली होती, कव्हर फोटोचा ४२ पिक्सेलचा नमुना त्यांनी २०० बाइटमध्ये बसवला. युक्ती अशी की जेपेगचा सुरुवातीचा हेडरचा भाग सगळ्या नमुन्यांत जवळपास सारखाच असतो, तो त्यांनी ॲपमध्येच ठेवून दिला आणि फक्त पुढचा भाग पाठवायला लागले. लग्नपत्रिका आधीच छापून ठेवायच्या आणि ऐनवेळी नुसती नावं भरायची तसं.

खरा फोटो पूर्ण आला की तो त्या नमुन्यावर हळूच उमटवायचा, ओपॅसिटी, म्हणजे तो किती दिसतो ते, शून्यावरून एकवर, पाव सेकंद, फार तर तीन दशांश. याच्यापुढं गेलात की माणूस वाट बघतो आणि कशाची बघतोय तर आलेल्या फोटोची! ओपॅसिटी आणि ट्रान्सफॉर्म (सरकवणं, लहान-मोठं करणं) या दोनच गोष्टी हलवाव्यात कारण त्या सहसा फोनच्या ग्राफिक्स चिपवर परस्पर होतात. उंची, रुंदी, मार्जिन हलवायला गेलात की दर फ्रेमला पानाची सगळी मांडणी नव्यानं मोजावी लागते आणि आठ हजारांचा फोन तापायला लागतो. लेखात दिलेलं फोटो उंचीनं वाढत येणारं उदाहरण नेमकं याच चुकीचं आहे. ब्लर फिल्टर हलवणं तसंच महाग, नवीन आयफोनवर मस्त दिसतं, वडिलांच्या फोनवर अडखळतं.

राखाडी पट्ट्यांवरून चमक सरकत जाते तो प्रकार, त्याला शिमर म्हणतात आणि त्या पट्ट्यांच्या सांगाड्याला स्केलेटन. हे नाव ल्यूक व्रोब्लेव्स्की या डिझायनरनं २०१३ मध्ये रूढ केलं आणि त्याचं म्हणणं मला पटतं, चकती माणसाला घड्याळ बघायला लावते तर सांगाडा काय येणार आहे ते बघायला लावतो. पण सांगाडा येणाऱ्या मजकुराच्या मापाचा पाहिजे. दोन ओळींचा सांगाडा दाखवायचा आणि खाली नऊ ओळी ओतायच्या म्हणजे परत उडी आलीच.

आमच्या धंद्यातल्या पोरांसाठी एक चूक सांगून ठेवतो, मी स्वतः केलेली. फोटो आधी अदृश्य ठेवायचा आणि लोड झाला की स्क्रिप्टनं दाखवायचा असं सगळे करतात. पण दुसऱ्यांदा पान उघडलं की फोटो कॅशमधून, म्हणजे ब्राउझरनं आधीच साठवलेल्या प्रतीतून येतो, कधीकधी स्क्रिप्ट जागी व्हायच्या आधीच येऊन बसलेला असतो, मग त्यानं मारलेली हाक कुणी ऐकत नाही आणि फोटो कायमचा अदृश्य. एका सराफांच्या साइटवर दोन दिवस मंगळसूत्रांच्या जागी पांढरे चौकोन होते, अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर. त्यांनी मला काय ऐकवलं ते छापण्यासारखं नाही. म्हणून हाकेची वाट बघायच्या आधी फोटो पूर्ण आहे का हे विचारून घ्यायचं, कम्प्लीट नावाची सोय त्यासाठीच आहे, आणि स्क्रिप्ट आलीच नाही तर फोटो दिसलाच पाहिजे असं मुळात लिहायचं.

लेझी लोडिंगचं पण तसंच. २०१९ पासून क्रोममध्ये एका शब्दात होतं, खाली दडलेले फोटो जवळ गेल्याशिवाय मागवायचेच नाहीत, डेटा वाचतो. पण म्हणून सगळ्यात वरच्या मुख्य फोटोलाही लेझी लावायचं? तो तर आधी यायला पाहिजे, त्याला मागं ठेवला की वरातीमागून घोडं.

आणि आमच्या आईला चक्करेचा त्रास आहे, स्क्रीनवर काही सरकायला लागलं की तिला गरगरतं. मी तिच्या फोनमध्ये ॲनिमेशन बंद करायची सेटिंग लावून दिली आहे, सफारीनं २०१७ मध्ये आणि क्रोमनं २०१९ मध्ये वेबसाइटला ही सेटिंग कळायची सोय केली, म्हणजे आपण कोडमध्ये चार ओळी लिहिल्या की अशा माणसांना फोटो नुसता दिसतो, हलत नाही. तुमच्या लेखात त्या चार ओळी हव्या होत्या.

बाकी फोटो हलका करणं हे तर उघड आहे. कॅमेऱ्यातून निघालेला चार-पाच एमबीचा फोटो जसाच्या तसा चढवायचा, जो साध्या फोनवर १०८० पिक्सेलपेक्षा मोठा दिसणारच नाही, आणि मग तो उशिरा येतो म्हणून वर नारळ फिरवायचा. मी माझ्या गिऱ्हाइकांचे फोटो वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात शे-दीडशे केबीत बसवतो, त्या कार्यालयवाल्यांचेही बसवले. तेव्हापासून नारळ दिसायच्या आधीच पान उघडतं आणि ते म्हणतात नारळ बिघडलाय, दुरुस्त करा.

तुमच्या तांत्रिक विभागाला एवढंच सांगा की बाजारभावाच्या पानावर तरी वरच्या फोटोला रुंदी-उंची लिहा आणि जाहिरातीच्या चौकोनालाही जागा आधीच राखून ठेवा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. वडिलांना मी सांगितलंय की पत्र लिहिलंय, ते म्हणाले आईलाही वाचून दाखव.

आपला,
एक वाचक
विश्रामबाग, सांगली