अव्याला, ऑफिसातल्या ध्यानाबद्दल

अव्या,

तुमच्या ऑफिसात माइंडफुलनेसचं सेशन ठेवणार आहेत आणि तुला त्यात काही राम वाटत नाही, हा तुझा मेसेज वाचला. फोनवर बोलायला गेलो की दोन मिनिटांत तुझं "बरं बरं, ठेवतो" सुरू होतं म्हणून लिहितोय, चहा घेऊन बस.

आमच्याकडे हे सगळं होऊन गेलंय रे. मार्च एंडच्या तोंडावर एचआरने एक बाई बोलावल्या, कॉन्फरन्स रूममधले दिवे मंद केले, बासरी लावली आणि सांगितलं डोळे मिटा, श्वासाकडे बघा. बाई चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू, पण माझ्या शेजारी जीएसटी बघणारा पोरगा बसलेला, त्याचा फोन खिशात सारखा थरथरत होता आणि फोन करणारा त्याचाच साहेब, जो तिकडे फिरकलाच नव्हता. तासाभराने आम्ही परत जागेवर आणि बँक रिकन्सिलिएशन जिथल्या तिथं. माझा राग एवढ्यावरच आहे बघ, माणसं कमी करायची, कामं वाढवायची आणि धाप लागली की म्हणायचं तुझा श्वास नीट नाहीये.

तरी ती गोष्टच टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही, आणि त्याला कारण एक अकाउंट्सवाला माणूस आहे. ऊ बा खिन, म्हणजे विपश्यना ही ध्यानाची पद्धत शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींचे गुरू. ब्रह्मदेश 1948 ला स्वतंत्र झाला तेव्हाचे तिथले पहिले महालेखापाल, आपल्याकडे एजी ऑफिस असतं ना, तसल्या ऑफिसचे मुख्य. 1937 पासून स्वतः ध्यान करायचे, शिकले एका शेतकरी गुरूकडे, आणि पुढे आपल्या ऑफिसातल्याच लोकांना शिकवायला लागले, तेही एकाच वेळी अनेक सरकारी खात्यांचा कारभार अंगावर असताना, म्हणजे "साहेब, टाइमच नाही" असं त्यांच्या तोंडावर म्हणायची कोणाची हिंमत होणार सांग! मला त्यातलं पटलं ते हे की तिथं साहेब आधी बसला, मग स्टाफ. गोएंका 1955 ला त्यांच्याकडे गेले तेसुद्धा मायग्रेनला वैतागून, आणि नुसती डोकेदुखी घालवायची असेल तर येऊ नका असं त्यांना आधी ऐकावं लागलं होतं. तेच गोएंका 1969 ला भारतात आले आणि 1976 पासून आपल्या इगतपुरीला शिबिरं सुरू झाली.

मी काय करतो विचारशील तर फार काही नाही. नाकाशी श्वास येताना-जाताना कळतोय का तेवढंच बघतो, मोजत नाही, मुद्दाम लांबवत नाही. सकाळी घरी थोडा वेळ, आणि ऑफिसात जेव्हा एखाद्या व्हेंडरचा सगळ्यांना सीसीत घालून भांडणारा मेल येतो तेव्हा. आधी छातीत गरम होतं, मग बोटं आपोआप टाइप करायला लागतात, त्या दोघांच्या मधे एक बारीकशी फट असते आणि ती दिसायला लागलीये एवढंच झालंय. उत्तर तेच जातं बऱ्याचदा, फक्त त्यातलं शेवटचं खोचक वाक्य गळतं. डबाही आता फोन न बघता खातो, त्यात कळलं की मी वर्षानुवर्षं किती खारट भाजी खातोय (हे वहिनीला सांगू नकोस, लगेच हिच्या कानावर जाईल).

काम मात्र यानं तसूभरही कमी होत नाही. त्यासाठी साहेबाकडे जाऊन माणूसच मागावा लागतो, मी मागितलाय, बघू.

तुझ्या त्या सेशनला जा, पण तुमचे साहेब स्वतः बसतात का बघ, ते नसतील तर मागच्या रांगेत झोप काढ, मी काही म्हणणार नाही. आणि खरंच शिकायचं असेल तर विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर कर. पहाटे चारची घंटा, फोन जमा, बोलणं बंद, दिवसाला दहा तासांच्या आसपास बसणं, पाठीची वाट लागते, आधीच सांगून ठेवतो. फी नसते, शेवटी जमेल ते दान. तुम्हा राज्य सरकारी लोकांना तर यासाठी रजेची सोय आहे, आस्थापना शाखेत जीआर विचार. आम्हा प्रायव्हेटवाल्यांना इतके दिवस सलग सुट्टी मागितली की दुसरी नोकरी बघतोय का विचारतात. फॉर्म ऑनलाइन आहे, जागा लवकर भरतात, तेव्हा आधी तारीख बघ मग रजा टाक, आणि टाकलीस की मला कळव, मीपण त्याच तारखेला मिळते का बघतो.

तुझा,
संज्या