दाजीपूरला काचेचा पूल नको, कयाक आणि चार वाटाडे द्या : वनमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. वनमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, स. न. वि. वि.

मागणी आधीच सांगून टाकतो, म्हंजे पीए साहेबांनी पहिला पॅरा वाचून पत्र बाजूला ठेवलं तरी काम होईल. राधानगरी-दाजीपूर अभयारण्यात लोकांना गाईडबरोबर पायी फिरायच्या ठरलेल्या वाटा द्या, आणि लक्ष्मी तलावाच्या, म्हंजे राधानगरी धरणाच्या पाण्याच्या, एका कोपऱ्यात, वर्षातले ठराविक महिने, बिनमोटरच्या कयाक (वल्ह्यानं चालवायच्या अरुंद होड्या) सुरू करा, त्यापण गाईडसकटच. बास. यात सिमेंटचं एक पोतं लागत नाही, आणि मला वाटतं अडचण तीच आहे.

कारण आमच्याकडं पर्यटन विकास म्हटलं की आधी कमान येते, कमानीवर प्लास्टरचा गवा येतो, मग सेल्फी पॉइंट, मग पेव्हर ब्लॉक, मग झिपलाइन, आणि पाणी दिसलं की स्पीडबोट. शेजारी वैभववाडीत नापणे धबधब्यावर काचेचा पूल झाला, लोक जातात फोटो काढतात, चांगलंय की, धबधबा काय माणसं बघून पळून जात नाही. गवा जातो. दाजीपूरला तोच प्रकार आणला तर बघायला फक्त कमानीवरचाच शिल्लक राहील.

राधानगरीची माहिती तुमच्या फाईलीत असणारच, तरी लिहितो कारण वाचणारे आमचे कोल्हापूरकरपण आहेत आणि त्यातल्या निम्म्यांना दाजीपूर म्हंजे फक्त रविवारी गाडी काढून जायचं ठिकाण वाटतं. संस्थानच्या काळात हे शिकारीचं राखीव रान होतं. १९५८ ला ते दाजीपूर गवा अभयारण्य झालं, राज्यातलं पहिलं. १९८५ ला वाढवून राधानगरी वन्यजीव अभयारण्य केलं, आज क्षेत्र साधारण ३५१ चौरस किलोमीटर. २०१२ ला युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा केलं तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जागा त्यात आल्या, कास, कोयना, चांदोली आणि आपलं राधानगरी. कासचं नाव पुण्यामुंबईच्या पोरासोरांना पाठ आहे. राधानगरीचं विचारा, धरण म्हणतील.

आणि धरण तरी काय साधं आहे का? शाहू महाराजांनी भोगावतीवर मनावर घेतलेलं काम, लेकीच्या, राधाबाईंच्या नावानं गाव वसवलं ते राधानगरी. पावसाळ्यात सात स्वयंचलित दरवाज्यांपैकी पहिला उघडला की पाच मिनिटांत अख्ख्या कोल्हापूरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर बातमी, मग राजाराम बंधाऱ्याची फुटाफुटाची पाणीपातळी. २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेली माणसं आहोत आम्ही, त्या पाण्याचा हिशोब आम्हाला तोंडपाठ आहे. पण तेच पाणी डिसेंबरात सकाळी कसं असतं, दोन्ही काठांना जंगल आणि मधी एक लहर नाही, ते पाण्यात उतरून बघितलेला माणूस कोल्हापुरात शोधून सापडायचा नाही. काठावर उभं राहून बघितलंय सगळ्यांनी. पाण्यातनं जंगलाकडं कुणी बघितलंय?

कोल्हापूरच्या लोकांना चालायचा कंटाळा आहे असं कुणी तुम्हाला सांगितलं असेल तर जुलैत पन्हाळ्यावर या. भर पावसात पन्हाळा ते पावनखिंड हजारो माणसं चिखल तुडवत जातात, पाचवीतल्या पोरापासून रिटायर्ड मास्तरांपर्यंत, आणि रात्री धनगरवाड्यावर पिठलं-भाकरी खाऊन शाळेच्या वऱ्हांड्यात झोपतात. पाण्याचंपण तसंच, पलीकडं सांगलीत कृष्णेत होड्यांच्या शर्यती लागतात तेव्हा काठावर उभं राहायला जागा नसते. तर हौस आहे, दम आहे, फक्त जंगलात जायची रीतसर वाट नाही. मी एका अभयारण्याच्या गेटवर (कुठलं ते मुद्दाम लिहीत नाही, तिथल्या गरीब गार्डला नोटीस निघायची) चालत जायचंय म्हणून विचारलं तर तो बिचारा म्हणाला, "चालत? गाडी बंद पडली काय तुमची?"

गाडीत बसून जंगल दिसतं, नाही असं नाही. पण जीपचं डिझेल आणि मागच्या सीटवरचा "अरे गवा कुठाय" असला आरडाओरडा, यात शेकरू, धनेश, झुडपातला चापडा साप यातलं काय दिसणार? सड्यावर, म्हंजे कातळाच्या पठारावर, पायी गेलं, वाटाड्या पुढं असला, आणि त्यानं हात वर करून थांबवलं की मग कळतं गवा केवढा असतो ते. मोठा नर हजार किलोच्या आसपास जातो. तो जीपमधनं जनावर दिसतो, पायी असलं की आपण किती बारके ते दिसतं.

आता कयाकचं खूळ कुठनं आलं ते सांगतो. मुलगी अमेरिकेत असते, तिच्याकडं गेलो तेव्हा ती अलास्कात ग्लेशियर बे नॅशनल पार्कला घेऊन गेली. तिथं रस्ताच जात नाही साहेब. गुस्तावस म्हणून बारकं गाव आहे, तिथवर विमानानं नाहीतर बोटीनं पोचायचं. १७९४ मध्ये इंग्रज गलबतं आली तेव्हा ती जवळजवळ सगळी खाडीच बर्फाखाली होती, तो बर्फ आता शंभरेक किलोमीटर मागं सरकलाय आणि मोकळ्या झालेल्या जागेत पाणी आणि जंगल आलंय. तेपण जागतिक वारसा, आपलंपण जागतिक वारसा, म्हंजे तुलना अगदीच हवेत नाही.

तिथं आम्ही दिवसभराची गाईडेड कयाक ट्रिप घेतली. पाण्यात उतरायच्या आधी त्या गाईड बाईनं (असेल तिशीची) आमच्या प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचे खांद्याचे पट्टे धरून वर ओढून बघितले. जॅकेट कानापर्यंत आलं की परत काढायला लावायची आणि पट्टे आवळायची. माझं पोट बघून तिनं दुसरंच जॅकेट आणलं, बायको अजून हसते. मग वल्हं कसं धरायचं, उलटलो तर आधी काय करायचं, दोन कयाकमधी अंतर किती, सील दिसला तर वल्हं मांडीवर ठेवून गप बसायचं, हे सगळं कोरड्या जमिनीवर. तिच्याकडं रेडिओ, ओढायची दोरी, पाणी उपसायचा पंप. आम्ही फिरलो त्या बेटांच्या मधल्या पाण्यात उन्हाळ्यात मोटरबोटीला बंदीच आहे, त्यामुळं आवाज फक्त वल्ह्याचा. रात्री मुक्काम करणाऱ्यांना आधी पार्कच्या ऑफिसात बसून माहिती घ्यावीच लागते, त्याशिवाय सोडत नाहीत, आणि अस्वलानं उघडू नये असले जेवणाचे डबे ऑफिसच फुकट वापरायला देतं. स्वयंपाक तंबूपासनं लांब, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात करायचा, म्हंजे सांडलेलं-लवंडलेलं सगळं भरतीबरोबर जातं आणि वासानं अस्वल येत नाही. किती साधी युक्ती आहे बघा, एक रुपयाचं टेंडर नाही.

अजून एक सांगायचं राहिलं. त्या खाडीत पूर्वापार राहणारी हूना त्लिंगित म्हणून जमात आहे, बर्फ पुढं सरकला तेव्हा त्यांना घरदार सोडावं लागलं, आणि नंतर पार्क झाल्यावर कितीतरी वर्षं नियमांमुळं त्यांचं तिथं येणं अवघडच होतं. २०१६ ला पार्कनं आणि जमातीनं मिळून त्यांच्या कुळांचं लाकडी घर तिथं परत उभं केलं. मला तिथं उभ्या उभ्या आमचे चांदोली अभयारण्यग्रस्त आठवले, कोल्हापूरच्या कलेक्टर ऑफिससमोर वर्षानुवर्षं धरणं धरून बसलेले. वाघासाठी गावं उठली, आणि वाघ बघायला येणाऱ्यांना वाट दाखवायचं काम भलत्याच कुणाला मिळणार असलं तर तो अन्याय डबल आहे. चांदोलीत तुम्ही ताडोबाहून वाघीण आणून सोडलीय, झकास, म्हणूनच तिथल्या वसंत सागर जलाशयात मी कयाक मागत नाही. तिथं जरा वाघाला राहू दे.

तर आपल्याकडं काय होतंय ते बघा. एका धरणावर (नाव नको) कुणीतरी चार कयाक आणून सोडल्या होत्या. परवानगी कुणाची माहीत नाही, पोरगा पैसे गोळा करून मोबाईलवर रील बघत बसलेला. लाइफ जॅकेटचं बक्कल तुटलं होतं तिथं सुतळी बांधलेली, आणि सात-आठ वर्षांच्या पोरीला मोठ्या माणसाचं जॅकेट. पाण्यात पडली असती तर जॅकेट वर तरंगलं असतं आणि पोरगी त्यातनं खाली निसटली असती. बंदी घालून हे थांबत नाही साहेब. कायदेशीर सोय नाही म्हणूनच हे असं चोरून चालतं.

अलास्कात पाण्याचा गारठा जीव घेतो. आपल्याकडं धोके वेगळे आहेत आणि ते स्थानिक माणसालाच माहीत असतात. सकाळी तलाव शांत असतो, पण दुपार कलली की घाटाकडनं वारा सुटतो आणि नवख्या माणसाला परत येताना वल्हं मारून मारून खांदे जातात, म्हणून फेरी अकराच्या आत संपली पाहिजे. धरणात बुडालेली झाडं असतात, पाणी उतरायला लागलं की त्यांचे बुंधे पृष्ठभागाच्या वीतभर खाली येतात, वरनं दिसत नाहीत. मार्च-एप्रिलात पाणी खाली जातं आणि काठाला गुडघाभर चिखल, तिथनं चढणं-उतरणंच धोक्याचं. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच सीझन. खाली कृष्णा-वारणेत मगरी आहेत, तेव्हा सुरू करायच्या आधी तलावाचा रीतसर सर्व्हे पाहिजेच, त्यात घाई नको. आणि आपल्याकडं पोहता न येणारी माणसं जास्त, साडी-ओढणी घालून बसणार, हे धरूनच नियम करावे लागतील, इंग्रजी पुस्तकातनं उतरवून चालणार नाही.

असलं काम तुमच्याच खात्याला नवीन नाही, हे मला लई आवडतं. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका कांदळवन सफारी चालवतात, वल्ह्याच्या होडीतनं, आणि त्यांच्या पाठीशी वनखात्याचाच कांदळवन कक्ष आहे. मोटर नाही, धूर नाही, पैसे त्यांच्या घरात. घाटाखाली जमलं ते घाटावर का नाही जमणार? ट्रेनिंगला लांब जायला नको, गोव्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, लाइफगार्डपासून सगळे कोर्स तिथं होतात. राधानगरी-दाजीपूरच्या वाड्यावस्त्यांवरची पोरंपोरी तिथं पाठवा. रान त्यांना येतंच, पाणी शिकतील. नाहीतर पोरं मुंबईला किंवा गोकुळ शिरगावच्या कंपनीत जातातच.

घोडं कुठं अडणार तेपण सांगतो. पाणी जलसंपदाचं, काठ तुमचा, जाहिरात पर्यटन खात्याची. तिघांच्या एनओसी गोळा करता करता सीझन संपतो, मग पुढच्या वर्षी साहेबांची बदली. कायद्याची आडकाठी मोठी नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कलम २८ काढून बघा, अभयारण्यात प्रवेशाची परवानगी ज्या कारणांसाठी देता येते त्यात पर्यटन स्पष्ट लिहिलेलं आहे. तिन्ही खात्यांचा एक आदेश, एक खिडकी आणि जबाबदार एकच अधिकारी, एवढं तुमच्या पातळीवरच होऊ शकतं, खाली कुणाच्या हातात नाही.

आमच्यातलेच काही पक्षीमित्र मला शिव्या घालतायत, म्हणतात आधीच जंगलात गर्दी आणि तू पाण्यातपण माणसं घाल. त्यांचं चूक नाही. म्हणून तर संख्या आधी ठरवा आणि मग बुकिंग उघडा. एका गाईडमागं सहा माणसं, सकाळच्या दोनच फेऱ्या, ठरलेल्या कोपऱ्याच्या बाहेर वल्हं टाकायचं नाही, पाणवठ्यावर गवे उतरतात त्या बाजूला तर अजिबात नाही. काठावर उतरून पार्टी नाही. वासोटा किल्ल्याला जाताना पिशव्या उघडून प्लास्टिक मोजतात आणि डिपॉझिट घेतात, तसंच इथं. आमदारांचा पाहुणा आला तरी सातवा माणूस घ्यायचा नाही, आणि हा नियम पहिल्या महिन्यात मोडला तर सगळं बंद केलं तरी आमची तक्रार नाही.

तिकीट मात्र परवडणारं ठेवा. पुण्याच्या रिसॉर्टवाल्यांसाठी नको, इथल्या शाळेच्या पोरांना आठवड्यातला एक दिवस राखून ठेवा.

या विषयावर मीटिंग लावणार असाल तर कोल्हापुरात हॉटेलच्या एसी हॉलमध्ये नको, राधानगरीला लावा, सकाळी सातला. जलसंपदाच्या साहेबांनापण बोलवा. लाइफ जॅकेट आम्ही आणतो, सगळी बक्कलं शाबूत असलेली.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक चालणारा कोल्हापूरकर

ता. क. : अभयारण्य पावसाळ्यात बंद असतं, ते उघडायच्या आधी निदान सर्व्हेचा आदेश निघाला तर याच हिवाळ्यात ट्रायल घेता येईल. आदेश मराठीत काढा, वाड्यावरच्या पोरांना वाचता आला पाहिजे.