मनू, कान दाखवलास का?

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर जे झालं ते झालं. तू चिडून ठेवलास, मीही परत लावला नाही. दादा मधे पडला. म्हणाला, गुरुवारी तिची गाडी निघते आहे, लांबचा दौरा आहे, आता तिला काही बोलू नकोस. मला तुला अडवायचं नाहीच. जा, छान वाजव. पण "कार्यक्रम संपला की डावा कान रात्रभर वाजत राहतो, सगळ्यांचंच होतं तसं" असं तू बोलता बोलता सांगून गेलीस आणि लगेच गाडीच्या टायरांवर आलीस. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कानाचं एकदाच लिहिते. बाकी पत्र तुझ्या पेडल स्टील गिटारबद्दल.

तू पाठवलेल्या यादीतलं सगळं ऐकलं, मामालाही ऐकवलं. १९५४ साली गाजलेलं, अमेरिकन कंट्री गायक वेब पिअर्सचं 'स्लोली' त्याने पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं. त्यातली बड आयझॅक्सची स्टील त्याला आधी कळेचना. "हा तारांवरचा पोलादी बार सरकवत नाहीये, मग सूर चढतो कसा?" मग तू मला मागे समजावलं होतंस तसं मी त्याला आपल्या स्वरांत सांगितलं. पाश्चात्त्यांचा ई म्हणजे आपला सा धर. उघड्या तारांत सा, ग, प. पहिलं पेडल दाबलं की पंचमाचा धैवत होतो, दुसरं दाबलं की गंधाराचा मध्यम होतो, आणि षड्ज जागचा हलत नाही. मामाच्या हवाईयन गिटारवर बार सरकला की सगळ्या तारा बरोबरच चढतात. बार तिरका धरून तो दोन-चार जोड्या जमवायचा तेवढ्याच. पेडलं आयझॅक्सच्या आधीही होती, पण ती मुख्यतः तारांची जुळणी बदलायला. तार वाजत असतानाच पेडल दाबून तो बदल ऐकू येऊ द्यायचा, हे त्याने त्या गाण्यात केलं आणि मग कंट्री संगीताचं माहेर असलेल्या नॅशव्हिलमधल्या प्रत्येक स्टीलवाल्याला ते हवंसं झालं. मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, एक स्वर थांबलाय म्हणूनच दुसऱ्याचं चढणं काळजाला लागतं.

त्याला आनंद झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. हे वाद्य आपल्या घरात तू परक्या देशातून आणलंस असं सगळे म्हणतात, पण त्याचं मूळ मामाच्या माळ्यावरच्या पेटीत, त्या हवाईयन गिटारमध्ये आहे. हवाईतल्या लाईए गावच्या जोसेफ केकुकूने शाळकरी वयात, १८८०च्या दशकात, तारांवर लोखंड फिरवायला सुरुवात केली. तिथून एक वाट अमेरिकेला गेली आणि एक कलकत्त्याला. हवाईयन गिटार वाजवणारा टाऊ मो आणि त्याचं कुटुंब १९४०च्या दशकात कलकत्त्यात राहत होतं, वाजवत होतं, शिकवत होतं. मग मुंबईच्या सिनेसंगीतात गिटारवादक व्हॅन शिप्ले आला, आणि त्याच्या तबकड्या ऐकून लालबागच्या चाळीत तुझा मामा. तू पाच वर्षांची असताना त्याच्या मांडीवरच्या गिटारवर बार धरून बसायचीस. बोटं पुरायची नाहीत, पण सूर चुकला की तोंड वाकडं करायचीस. तेव्हाच मी यांना म्हटलं होतं, हिचा कान आहे.

कान. आलेच पुन्हा तिथे.

मनू, तुझ्या वाद्याला पडदे नाहीत. खालच्या रेघा नुसत्या डोळ्यांसाठी. दहा तारा, पायाखाली पेडलं, गुडघ्यांशी लिव्हर, उजवा पाय व्हॉल्यूमवर, डाव्या हातात गुळगुळीत पोलादी बार. आणि एवढ्या सगळ्याला ताळ्यावर ठेवणारं काय, तर तुझा कान. मागे व्हिडिओ कॉल चालू ठेवून तू तारा लावत होतीस ते मी बघत होते. तिसरी तार, जी शार्प, म्हणजे ईचा गंधार. ट्यूनरची सुई मधोमध आली तरी तू थांबली नाहीस. खुंटी किंचित ढिली केलीस, सुई डावीकडे गेली, मग पाचवी आणि चौथी तार बरोबर छेडलीस आणि मान हलवलीस. मी इथे बसल्या जागी ओळखलं. तो तंबोऱ्यातला गंधार होता. खर्ज नीट लागला की आपोआप बोलतो तो, पियानोच्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या शंभर भागांतले चौदा, खालचा. तुला तो कुणी आकड्यांत शिकवला नसेल, तू माझ्या तंबोऱ्याशेजारी झोपून मोठी झालीस. त्या दिवशी मला जितकं बरं वाटलं तितकं तुझ्या इंजिनिअरिंगच्या निकालालाही वाटलं नव्हतं. हे यांना सांगू नकोस.

म्हणूनच जीव तुटतो गं. आजोबा तुला फक्त म्हातारे आणि बहिरे आठवतात. माझ्या लहानपणी ते भजनी मंडळात पहिले गायचे. पण आयुष्य गेलं गिरणीच्या साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात. तिथे शेजारी उभ्या माणसाशीही हातवारे करूनच बोलायचे. पाळी संपवून घरी आले की सुरुवातीला तास-दोन तास कान वाजायचे. ते म्हणायचे, सगळ्यांचेच वाजतात, झोपलं की जातं. पुढे जाईना. आधी 'स' आणि 'श' जायला लागले, मग चिपळ्या, मग आमची बोलणी. मृदंग मात्र शेवटपर्यंत ऐकू यायचा, त्यामुळे त्यांना वाटायचं आपलं ठीक आहे. एका एकादशीला त्यांनी अभंग उचलला आणि पेटीपेक्षा वर गेला. मंडळी काही बोलली नाहीत. पुढच्या वेळी कुणीतरी हळूच त्यांच्या हातात टाळ दिले, आणि तेव्हापासून ते टाळच वाजवत राहिले. मी तेव्हा शाळेत होते, मागे बसले होते. त्यांचा चेहरा मी बघितलाय.

तू म्हणशील, आई, गिरणी कुठे आणि बँड कुठे. आपल्या इथल्या कानाच्या डॉक्टरांना मी हेच विचारलं. ते म्हणाले, कानाच्या आतल्या केसपेशींना आवाज कुठला आहे ते कळत नाही. किती मोठा आणि किती वेळ, एवढंच त्यांना लागू होतं. ८५ डेसिबल आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १००ला पोचलं की जेमतेम १५ मिनिटं. आणि त्या पेशी एकदा गेल्या की परत उगवत नाहीत. तू ड्रमच्या उजव्या बाजूला बसतेस, झांजा थेट डाव्या कानाशी. पुन्हा व्याख्यान झालं. राग मानू नकोस, आवरतंच नाही मला.

तर यादी. मला सगळ्यात जास्त काय आवडलं सांगते. बडी एमन्सचा १९६३चा 'स्टील गिटार जॅझ' मी तीनदा ऐकला, आणि तिसऱ्यांदा कळला. कंट्रीतला एवढा मोठा माणूस, हवं तर रडवेले सूर काढून टाळ्या घेऊ शकला असता, पण तो सॅक्सोफोनच्या बरोबरीने सरळ वाक्यं बोलतो. एल्टन जॉनच्या 'टायनी डान्सर'मध्ये बी. जे. कोल उशिरा येतो. आधी नुसता पियानो आणि गळा, आणि मग स्टील येते तेव्हा खोली मोठी झाल्यासारखी वाटते. किंग सनी आडेच्या 'जुजू म्युझिक'मध्ये एवढे ढोल बोलत असताना डेमोला अडेपोजू मधल्या फटीतून एकच लांब सूर सोडतो. ब्रायन ईनोच्या चंद्रावरच्या 'अपोलो'त डॅनिअल लॅन्वाची स्टील आहे, ती रात्री दिवा मालवून ऐकावी. यातला कुणीही जास्त वाजवत नाही. सगळे आधी ऐकतात.

आणि ते चर्चमधलं! हाऊस ऑफ गॉड या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या पंथाच्या देवळांत ऑर्गनच्या जागी स्टील असते हे मला माहीतच नव्हतं. विली ईसनच्या भावाने फिलाडेल्फियात एका हवाईयन माणसाकडून बार धरायला शिकून घेतलं, आणि तिथून ती सगळी परंपरा उभी राहिली. म्हणजे पुन्हा आपल्या मामाचंच घराणं. कॅम्बेल बंधूंचं ऐकताना वाटलं, कीर्तनकाराचा श्वास ओळखून पेटीवाला सूर धरतो तसं हे प्रवचनकाराचं वाक्य पुरतं संपायच्या आत तारेवर पुरं करतात. चक कॅम्बेलची तार अक्षरशः हुंदका देते. तू हे कधी वाजवलंस तर मला आधी कळव. मी रात्री जागी राहीन.

सुझन अल्कॉर्नच्या स्टीलचं मात्र मला दोन दिवस पुरलं. टेक्सासच्या बारमध्ये कंट्री वाजवणारी बाई, एकदा कार्यक्रमाला जाताना गाडीत रेडिओवर मेसियाँ या फ्रेंच संगीतकाराची रचना लागली तर रस्त्याच्या कडेला थांबून ऐकत बसली. मग त्याच वाद्यावर मेसियाँ, अर्जेंटिनाच्या टँगोवाला पियाझ्झोला, आणि ज्याला नाव नाही असंही काही. ती जानेवारी २०२५मध्ये गेली ते तू मला रडत सांगितलं होतंस. तेव्हा मला तिचं नावही माहीत नव्हतं. आता वाटतं, माझ्या मुलीने रडावं अशीच बाई होती. तिचं वाजवणं ऐकताना तार विझत जाते आणि ती त्या विझण्यालाही सुरात ठेवते. तेवढं बारीक ऐकायला यायला हवं, मनू. पन्नाशीत, साठीत. तुलाही तिथवर जायचंय, पुढच्या दौऱ्यापर्यंत नाही.

नोकरी सोडलीस त्याबद्दल आता मला काहीच म्हणायचं नाही. सोसायटीत विचारतात तेव्हा मी "नॅशव्हिलला पेडल स्टील वाजवते" असं ठणकावून सांगते, मग ते काय असतं हेही सांगते आणि फोनवर लावून दाखवते. शेजारच्या काकूंना आता ए आणि बी, म्हणजे पहिलं आणि दुसरं, पेडल कळतं. हे तुझ्या वाद्याची पेटी उचलायच्या काळजीत असतात, तीस किलोचं ओझं एकटीने जिन्यावरून नेऊ नकोस म्हणावं, असं त्यांनी मुद्दाम लिहायला सांगितलंय. मला ती काळजी नाही. पाठ दुखली तर कळते आणि माणूस थांबतो.

मामाचा प्रश्न आहे: गुडघ्याच्या लिव्हरने ई खाली उतरवतेस तेव्हा बाकीच्या तारांचा ताण बदलून त्या हलत नाहीत का? त्याला व्हिडिओ करून दाखव, शब्दांत सांगू नकोस.

आणि गुरुवारच्या आत ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घे. कानाचं माप घेऊन केलेले वादकांचे इअरप्लग मिळतात, त्यांनी सूर बोदा होत नाही, सगळाच आवाज सारखा उतरतो, असं डॉक्टर म्हणाले. ते व्हायला वेळ लागणार असेल तर तोवर दुकानातले साधे घाल. पैशांसाठी थांबली असशील तर दादाशी माझं बोलणं झालंय, तो आजच भरतो. रिपोर्टचा फोटो मला पाठव. दोन्ही कानांचा.

तुझी,
आई