दारव्ह्याच्या खुर्चीवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर फारसं वाचत नाही, पण तुमची मुलगी हे नक्की वाचून दाखवेल. आभार तोंडी मानले तेव्हा तुम्ही "जाऊ दे ना बाबू" म्हणून हात झटकलेत. म्हणून चार लोकांसमोर लिहितो आहे. माझ्यासारखी उंच माणसं गावोगाव आहेत आणि तुम्ही सांगितलेलं त्यांच्याही कामाचं आहे.

मी गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. उंची 6 फूट 3 इंच. जूनमध्ये प्रवेशाचे दाखले, जुलैत पीक विम्याचे अर्ज, आणि दिवसा सर्व्हर अडकला की रात्रीची बैठक. कंबर अशी धरायची की उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागे. डॉक्टरांनी व्यायाम दिला, खुर्ची बदलायला सांगितलं. कोणती घ्यायची, यावर ज्याचं त्याचं एकच उत्तर, साहेबासारखी मोठी घे!

तुमच्याकडे अगदी तशीच होती. काळं रेक्झिन, डोक्यापर्यंत पाठ. मी पैसे काढत होतो आणि तुम्ही विकायला नाही म्हणालात. "हे तुह्यासाठी नाही. पाठ मोठी दिसते, पण सीट आखूड आहे. पैसे वाया जातीन. पहिले पाय मोजू, मंग पाठ पाहू." दारात आलेलं गिऱ्हाईक असं कोण थांबवतं, काका? मग तुम्ही शिंप्यासारखी टेप लावून माझी मापं घेतलीत.

टाचेपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत चपलेसकट 19.5 इंच. त्या खुर्चीची सीट पूर्ण वर केली तरी 18 इंचांवरच थांबत होती. म्हणजे गुडघे कमरेच्या वर येणार, कमरेचं हाड मागे कलणार आणि पाठीला पोक येणार. कितीही ताठ बसायचं ठरवलं तरी शरीर घसरतंच, हे तेव्हा कळलं. दुसरं माप त्याहून महत्त्वाचं, आणि ते कुणीच बघत नाही. भिंतीला पाठ टेकवून बसवलंत आणि कुल्ल्यापासून खळगीपर्यंत मोजलंत, 21 इंच. सीटची कड आणि खळगी यांच्यात दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे, म्हणजे मला साधारण 19 इंच खोल सीट हवी. ती होती 17. मांड्यांचा पुढचा चार इंच भाग हवेत राहिला असता आणि जास्त भार बुडाच्या हाडांवर आला असता. त्या खुर्चीचा कमरेचा फुगवटाही मला कमरेच्या खाली लागत होता, आणि डोक्याची उशी मानेला पुढे ढकलत होती.

मग तुम्ही कोपऱ्यातली जाळीच्या पाठीची खुर्ची काढलीत. दिसायला साधी, पण सीट खोल आणि पाठ वर-खाली सरकणारी. सीट वर-खाली करणारा खालचा हायड्रॉलिक काढून जास्त उंच जाणारा आणि जाड नळीचा बसवलात, कारण उंच माणसाचं वजनही सहसा जास्त असतं. प्लॅस्टिकच्या स्टँडऐवजी लोखंडी लावलात. जाळीबद्दल तर मी रोज दुवा देतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, त्यात लाइट गेली की रेक्झिनला पाठ चिकटते. जाळीतून निदान हवा तरी खेळते.

पण मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती टेबलाची. खुर्ची दिली, पैसे घेतले, इथे तुमचं काम संपलं होतं. तुम्ही विचारलंत, "टेबल केवढा आहे?" साधा, 29 इंचांचा. खुर्ची वर गेली की मांड्या ड्रॉवरला लागतील आणि हात खाली लोंबतील, हे तुम्ही आधीच ओळखलंत. बाभळीचे 2 इंचांचे चार ठोकळे कापून दिलेत, वर खाच पाडून, म्हणजे टेबलाचा पाय सरकायला नको. ड्रॉवर काढून टाकायला सांगितलंत. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणायला सांगितलीत. जुन्या रजिस्टरांचा गठ्ठा तिथे कामी आला. ठोकळ्यांचे पैसेही घेतले नाहीत.

कंबर आता रात्रीच्या बैठकीतही साथ देते. पाठ थोडी मागे कलवून बसतो, आणि तुम्ही बजावलं तसं अर्ध्या तासाने उठून दारापर्यंत जाऊन येतो. खुर्ची चांगली असली तरी बसून राहू नको, हे खुर्ची विकणाऱ्या माणसाने सांगावं याचं मला अजून नवल वाटतं.

पोळ्यानंतर माझा मावसभाऊ तुमच्याकडे येईल. पुसदला ऑफिसात कारकून आहे, माझ्याहून बोटभर उंच. त्याची मापं मीच भिंतीशी बसवून घेतली आहेत: पाय 20 इंच, मांडी 21.5, ऑफिसचा टेबल 30. त्याला हात टेकायला वर-खाली होणारे हँडल पाहिजेत, खांदे दुखतात म्हणतो. तशी खुर्ची आली तर बाजूला काढून ठेवा. आणि या वेळी ठोकळ्यांचे पैसे घ्यायचेच.

तुमचा,
सेवा केंद्रवाला